पगार आला आणि गुरुजी निघाले



आज मला राजीनाम्यांबद्दल बोलायचं आहे. राजकारणातले नव्हेत, ते तर आपण रोज ऐकतो. मी बोलणार आहे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या कोच मंडळींबद्दल.

तीन नावं सांगतो. पहिले निक सेबन, अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे कोच. सात राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत, त्यातली सहा अलाबामाबरोबरची. जानेवारी २०२४ मध्ये, ७२व्या वर्षी ते निवृत्त झाले. दुसरे टोनी बेनेट, व्हर्जिनिया विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच. त्यांच्या संघानं २०१९ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये, सीझन सुरू व्हायला तीन आठवडेही उरले नसताना, त्यांनी पद सोडलं. वय ५५. चारच महिन्यांपूर्वी त्यांचा करार वाढवून झाला होता. तिसरे जिम लारानेगा, मायामी विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच. वय ७५. डिसेंबर २०२४ मध्ये, सीझन निम्मासुद्धा झालेला नसताना ते बाजूला झाले.

या तिघांच्या बोलण्यात एक गोष्ट समान होती. कॉलेजच्या खेळाडूंना आता पैसे मिळू लागले आहेत, आणि त्याबरोबर सगळा कारभारच असा बदलला आहे की आपलं पूर्वीचं काम आता उरलेलं नाही.

हे ऐकलं की आपल्यातले बरेच जण मान डोलावतात. “बघा, पैसा आला की खेळ नासतो.” मी इंदूरला एका कॉलेजात तीसेक वर्षं खेळ शिकवले. आमच्याकडे त्या पदाला क्रीडा अधिकारी म्हणतात, मुलं सरळ ‘सर’ म्हणतात. त्यामुळे मैदान सोडणाऱ्या कोचचं दुःख मला समजतं. तरीही ‘पैशानं खेळ नासला’ हे उत्तर मला पटत नाही. का पटत नाही, ते आज सांगतो.

आधी तिथल्या कॉलेजच्या खेळाचा पसारा समजून घेऊ. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? चुन्याच्या रेषा, दोन शिट्ट्या, प्रेक्षकांत खेळाडूंचेच मित्र आणि एक कुल्फीवाला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. आपल्या वानखेडेत साधारण ३३ हजार बसतात, म्हणजे तीन वानखेडे. आणि हे एका विद्यापीठाचं मैदान. कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे टीव्ही हक्क २०१० मध्ये १४ वर्षांसाठी विकले गेले ते १,०८० कोटी डॉलरना. रुपये नव्हेत, डॉलर. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो. गव्हर्नर त्याच्या जवळपासही नसतो. सेबन यांचा पगार वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर होता.

एवढ्या पैशात खेळाडूचा वाटा किती? शिक्षणाची फी, राहणं, जेवण, पुस्तकं. बस्स. त्यापलीकडे एक डॉलर घेतला तरी बंदी. कारण काय, तर तो ‘हौशी’ खेळाडू आहे. कॉलेजांच्या खेळावर देखरेख करणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिनं या खेळाडूंसाठी एक खास शब्द रूढ केला, ‘स्टुडंट-ॲथलीट’, म्हणजे विद्यार्थी-खेळाडू.

शब्द गोड आहे, पण त्याचा जन्म कसा झाला ते ऐका. १९५५ मध्ये कोलोराडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन नावाचा खेळाडू फुटबॉल खेळताना डोक्याला मार लागून वारला. त्याच्या पत्नीनं भरपाई मागितली. कारखान्यात कामगार दगावला की कुटुंबाला मिळते तशी. १९५७ मध्ये कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, त्यामुळे भरपाई मिळणार नाही. एनसीएएला त्या काळात भीती होती ती अशाच दाव्यांची. खेळाडू ‘कामगार’ ठरला, तर भरपाई आली, विमा आला, पगार आला. म्हणून हा शब्द सगळीकडे सक्तीनं वापरायला लावला. हे मी म्हणत नाही. अनेक दशकं एनसीएए चालवणारे वॉल्टर बायर्स यांनीच पुढे १९९५ मध्ये आपल्या पुस्तकात ते लिहिलं. ज्यांनी तो शब्द घडवला, तेच उतारवयात त्या व्यवस्थेचे कडक टीकाकार झाले.

आणखी एक प्रसंग सांगतो. २०१४ मध्ये कनेटिकट विद्यापीठानं बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. त्यांचा मुख्य खेळाडू शबाझ नेपियर. त्याच सुमारास त्यानं पत्रकारांना सांगितलं की काही रात्री आपण उपाशी झोपतो. स्टेडियम भरलेलं, टीव्हीवर जाहिराती चालू, आणि ज्याच्यासाठी लोक तिकीट काढतात तो पोरगा उपाशी! बोभाटा झाला. त्याच महिन्यात एनसीएएनं जेवणावरची मर्यादा काढून टाकली. म्हणजे २०१४ साल उजाडेपर्यंत खेळाडूनं किती जेवायचं याचेसुद्धा नियम होते.

हे सगळं कोसळलं ते कोर्टात. एड ओबॅनन हा जुना बास्केटबॉलपटू. व्हिडिओ गेममध्ये आपल्यासारखा दिसणारा खेळाडू विकला जातो आणि आपल्याला त्यातलं काही मिळत नाही, म्हणून २००९ मध्ये तो कोर्टात गेला. तिथून एकेक वीट निघत गेली. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. नऊच्या नऊ न्यायमूर्ती एका बाजूला. त्यातले न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं टिपण जोडलं. त्याचा आशय असा: कामगारांना योग्य मोबदला न देणं हेच आमच्या मालाचं वैशिष्ट्य आहे, असं म्हणून देशात दुसरा कोणताही धंदा सुटला नसता. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली. पुढे जून २०२५ मध्ये आणखी एका खटल्यात तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना मिळून सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई, आणि यापुढे विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायला परवानगी. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला त्यासाठी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत खर्च करता येतो.

इथपर्यंत कोणाची तक्रार असायचं कारण नाही. गंमत म्हणजे त्या कोचचीही नव्हती. पद सोडताना बेनेट यांनी स्पष्ट सांगितलं की खेळाडूंना उत्पन्नात वाटा मिळणं योग्यच आहे. सेबन यांनीही पैसे मिळण्याला विरोध केला नाही. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते असं की त्याच सुमारास दुसरं एक दार सताड उघडलं. पूर्वी फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या खेळाडूनं विद्यापीठ बदललं, तर त्याला एक वर्ष बाकावर बसावं लागे. एप्रिल २०२१ मध्ये एकदा बदलण्याची मोकळीक मिळाली. २०२४ पासून कितीही वेळा बदला. ‘ट्रान्सफर पोर्टल’ नावाची एक यादी असते, तीत नाव टाकायचं की इतर कॉलेजांना तुमच्याशी बोलता येतं. म्हणजे दरवर्षी बाजार, आणि त्या बाजारात प्रत्येक खेळाडू पुन्हा विक्रीला.

आता कोचच्या जागी उभे राहून बघा. लारानेगा यांचा संघ २०२३ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या चार संघांत पोहोचला. मायामीच्या इतिहासात पहिल्यांदाच. त्यानंतर खेळाडूंबरोबरच्या पहिल्याच बैठकीत आठ जणांनी पोर्टलमध्ये नाव टाकायचं ठरवल्याचं लारानेगा यांनी पुढे सांगितलं. त्यांनी विचारलं, इथं आवडत नाही का? उत्तर आलं, खूप आवडतं, पण दुसरीकडे जास्त पैसे मिळतात. सेबन यांचाही अनुभव तसाच. शेवटच्या सीझननंतर ते एकेका खेळाडूशी बोलले, तेव्हा बहुतेकांना दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या: पुढच्या वर्षी खेळायला नक्की मिळेल का, आणि पैसे किती. मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका चर्चेत ते म्हणाले की पन्नास वर्षं ज्या गोष्टींवर विश्वास ठेवून मी शिकवलं, त्या आता उरलेल्या नाहीत.

या माणसाला आपण लोभी म्हणू शकत नाही, आणि त्या पोरांनाही नाही. मग दोष कोणाचा?

उत्तराकडे जाण्याआधी कोच मंडळींचीही थोडी झडती घेऊ, कारण गुरू म्हटला की आपण लगेच हात जोडतो. खेळाडूला कॉलेज बदलल्यावर वर्षभर बसवून ठेवत होते, तेव्हा कोचवर तसं काही बंधन होतं का? मुळीच नाही. २०२१च्या नोव्हेंबरच्या अखेरीस, दोन दिवसांच्या आत, दोन मोठ्या फुटबॉल कोचनी जास्त पगारावर विद्यापीठं बदलली. ज्या मुलांच्या आईबापांना त्यांनी ‘मी याला सांभाळीन’ असा शब्द दिला होता, ती मुलं मागेच राहिली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं २०२३ मध्ये आपल्या फुटबॉल कोचला काढलं, तेव्हा काम न करण्याबद्दल त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. आणि मायामीचंच घ्या. शेवटच्या चारांत पोहोचलेल्या त्या संघातला एक महत्त्वाचा खेळाडू, नायजेल पॅक, कॅन्सस स्टेट सोडून मायामीला आला, तेव्हा दोन वर्षांच्या आठ लाख डॉलरच्या जाहिरात-कराराची जाहीर घोषणा झाली होती. ज्या दारानं पॅक आला, त्याच दारानं पुढे दुसरे निघाले.

आणखी एक सावधगिरी. प्रत्येक मोठी निवृत्ती या खात्यात टाकू नका. नॉर्थ कॅरोलायनाचे रॉय विल्यम्स ७० वर्षांचे असताना एप्रिल २०२१ मध्ये थांबले, म्हणजे नियम बदलण्याच्या तीन महिने आधी. माणसं थकतातही.

उलटं उदाहरणही आहे. ज्या वयात सेबन बाहेर पडले, त्याच ७२व्या वर्षी, डिसेंबर २०२४ मध्ये, बिल बेलिचिक कॉलेज फुटबॉलमध्ये आले. हे व्यावसायिक फुटबॉलमधले सहा सुपर बोल जिंकलेले कोच. कॉलेजात त्यांनी यापूर्वी कधी काम केलं नव्हतं. त्यांना हा बाजार परका वाटला नाही, कारण त्यांचा जन्मच व्यावसायिक खेळात गेला. त्यांनी सोबत जनरल मॅनेजर आणला. आता अनेक विद्यापीठांत हे पद आहे. पैशाची बोलणी तो करतो, कोच खेळ शिकवतो.

आता माझ्या अनुभवाचं सांगतो. माझ्याकडची खो-खो आणि कबड्डीची पोरं बहुतेक गरीब घरांतली. एखादा चांगला तयार झाला, विद्यापीठाच्या संघात आला, की दुसऱ्या वर्षाला रेल्वेत किंवा पोलिसात खेळाडूंच्या कोट्यातून भरती व्हायचा. आमचा संघ अर्धा व्हायचा. पण तो पेढे घेऊन यायचा आणि आम्ही ते आनंदानं खायचो. एकाही क्रीडाशिक्षकानं ‘पोरं नोकरीसाठी जातात’ म्हणून राजीनामा दिल्याचं मला आठवत नाही. उलट किती पोरं नोकरीला लावली, हाच आमच्यात मोठेपणा असायचा. अमुक सरांची सात पोरं रेल्वेत आहेत, असं अभिमानानं सांगितलं जायचं.

मग तिथला कोच दुखावतो आणि इथला पेढा खातो, असं का?

मी यावर बराच विचार केला. आमचा पोरगा जायचा तो कुठेतरी पोहोचायचा. पक्की नोकरी, पगार, आजारपणाची सोय, पुढे निवृत्तिवेतन. खेळताना गुडघा गेला तरी नोकरी जात नव्हती. तिथला पोरगा एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जातो, एका वर्षासाठी. पुढच्या वर्षी पुन्हा बोली. त्याला पैसे मिळाले, पण नोकरी मिळाली नाही. तो कायद्यानं कर्मचारी नाही, त्याची संघटना नाही. तीन वर्षांचा करार करून ‘तू थांब, आम्हीही तुला काढणार नाही’ असं दोन्ही बाजूंनी बांधून घेणारी देशभराची व्यवस्था नाही. विद्यापीठांनी ७० वर्षं कोर्टात एकच घोषा लावला, हा कामगार नाही, याच्याशी आमचं मालक-नोकराचं नातं नाही. आता तो निघून जातो, तेव्हा त्याला थांबवायचं कशाच्या जोरावर? नातं तर तुम्हीच नाकारलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं की कोच मंडळींना पगारानं घालवलं नाही. पगार आला, पण त्याबरोबर यायला हवा तो करार आला नाही. दोघांनाही बांधणारा करार नसेल, तर पैसा फक्त बोली लावतो. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये खेळाडूंना याच्या कितीतरी पट पैसे मिळतात, तरी तिथे दर वसंतात अर्धा संघ उठून जात नाही, कारण खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यात सामूहिक करार असतो.

तसा प्रयत्न झालाच नाही असं नाही. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल संघानं मार्च २०२४ मध्ये मतदान करून संघटना करायचं ठरवलं, १३ विरुद्ध २ मतांनी. कॉलेजनं विरोध केला, आणि वर्षाच्या शेवटी तो अर्ज मागे घेतला गेला. २०२५च्या तडजोडीनं पैसे वाटायचा मार्ग दिला, पण खेळाडू कर्मचारी आहे की नाही, हा मूळ प्रश्न तसाच ठेवला.

यात नुकसान कोणाचं? फार थोड्या खेळाडूंना मोठे पैसे मिळतात, आणि कॉलेजात खेळणाऱ्यांतले अगदी मोजके पुढे व्यावसायिक होतात. बाकीच्यांच्या हाती शेवटी दोन गोष्टी राहतात: डिग्री, आणि चार वर्षं आपल्यावर मेहनत घेतलेला एखादा माणूस. तीन वर्षांत तीन कॉलेजं केली की आधीच्या कॉलेजातले विषय पुढच्या कॉलेजात सगळे धरले जातातच असं नाही. डिग्री लांबते. आणि तो माणूस भेटतच नाही. कोच वाईट असतो असं नाही, त्याला वेळच मिळत नाही. बेनेट यांचंच बघा. त्यांचा संघ २०१८ मध्ये इतिहासातला सर्वांत लाजिरवाणा पराभव पत्करून घरी गेला. पुरुषांच्या स्पर्धेत पहिलं मानांकन मिळालेला संघ सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून कधीच हरला नव्हता, तो पहिल्यांदा हरला. त्याच संघाचा गाभा टिकला, वर्षभर ते अपयश पचवलं आणि पुढच्याच वर्षी विजेता झाला. आजच्या नियमांत त्या पराभवानंतर किती जण थांबले असते? विजेतेपदानंतर बेनेट यांनी स्वतःची पगारवाढ नाकारली होती. अशी माणसं निघून जातात, तेव्हा हरलेल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवणारं कोणी उरत नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आहे, आपलाही संबंध आहे. त्याच व्हर्जिनिया विद्यापीठातून आपला सोमदेव देववर्मन घडला. २००७ आणि २००८ असा लागोपाठ दोनदा तो अमेरिकन कॉलेजांचा एकेरीतला टेनिस विजेता झाला. तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटमध्ये शिकला आणि २०१८ व २०२२ मध्ये उंच उडीत एनसीएए विजेता झाला. आज बेंगळुरू, पुणे, हैदराबाद, वडोदरा इथले कितीतरी आईबाप टेनिस, गोल्फ, पोहणं यासाठी मुलांना तिकडे पाठवायची स्वप्नं बघतात. त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, स्टुडंट व्हिसावर गेलेल्या परदेशी खेळाडूला तिथे राहून जाहिरातीचं काम करून कमावणं फार अवघड आहे. दोन, फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या खेळाडूंना देण्यासाठी पैसा उभा करताना कात्री लागते ती लहान खेळांना. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठानं मार्च २०२५ मध्ये पोहण्याचा संघच बंद केला, आणि या नव्या खर्चाचा भार हे त्यामागचं एक कारण सांगितलं.

तेव्हा मुलाला पाठवताना शिष्यवृत्तीचा आकडा विचारा, जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा: ही शिष्यवृत्ती किती वर्षांसाठी लिहून देता? दुखापत झाली तर काय? संघ बंद झाला तर शिक्षण पूर्ण करून देणार का? आणि जो कोच आज फोनवर गोड बोलतोय, त्याचा स्वतःचा करार किती वर्षांचा आहे? यातलं जे जे लेखी मिळेल, ते जपून ठेवा.

आपल्याकडेही आता खेळात पैसा येतो आहे. लीग येताहेत, पोरांना लहान वयात बोली लागते आहे. ते चांगलंच आहे. उपाशी झोपणाऱ्या खेळाडूच्या त्यागाची आरती ओवाळण्यापेक्षा त्याच्या बँकेत पैसे असलेले मला केव्हाही आवडतील. फक्त तो पैसा देताना करार, विमा आणि शिक्षण यांची बांधणी आधी करू या. पोरगं घडवायला वेळ लागतो. तो वेळ कोचच्या हातात राहील अशी व्यवस्था केली, तर पोरांना पगारही मिळेल आणि त्यांचे सरही मैदानावर राहतील.